पिंजाऱ्याचं आबदान

साहेब, मिरजगावच्या वैशाखात घराच्या भिंतीत जाळ पेटवायचा हुकूम तुम्ही काढलात. तुम्हीच. कारकुनावर ढकलू नका, लढाईवर ढकलू नका, विलायतेतल्या कुठल्या पुस्तकावर तर मुळीच ढकलू नका. नकाशाखाली सही तुमची आहे. ज्या गावात दुपारी अंगणातला दगड उचलला तर हाताला फोड येतो, त्या गावच्या माणसानं बैठकीच्या खोलीत शेकत बसावं असं तुम्ही आखून दिलंत. आणि आखून दिलंत कुणाला? रशीद पिंजाऱ्याला! ज्याच्या घरात उठता-बसता कापूस, खाता-पिता कापूस, त्याच्या भिंतीत तुम्ही आगीला जागा काढून दिलीत.

तर हा रशीद. अंगानं त्याच्याच धुनकीच्या काठीसारखा लांबलचक, आणि स्वभावानं त्याच्याच कापसासारखा; फुंकर घातली की उडाला. लढाई संपली त्या हिवाळ्यात तो गाद्या भरायला देवळाली प्रवरेला गेला होता. तिथं नूरुद्दीन गुऱ्हाळवाल्याच्या ओसरीवर बसून त्यानं रजया भरल्या. शेवटच्या रजईवर शेवटचा टाका घालतोय तोच आतल्या दाराच्या पडद्याआडून आवाज आला, "टाका वाकडा हाय."

रशीदनं मान वर केली. पडदा हलला, दोन डोळे दिसले, आणि संपलं. आजवर त्याच्या रजईला नाव ठेवणारं माणूस जन्मलं नव्हतं. त्यानं सबंध ओळ उसवली, पुन्हा घातली, आणि मुद्दाम वाकडी घातली, म्हणजे पडद्याआडून पुन्हा आवाज येईल. आवाज आला. "आता तर लईच वाकडा." रशीद मिरजगावला आला तो अर्धा देवळालीलाच राहून.

त्याची आई बद्रुन्निसा. नवरा गेल्यावर तिनं धुनकी स्वतः चालवून पोराला मोठं केलं होतं. तिला असली लक्षणं ओळखायला वैद्य लागत नव्हता. तिनं शेजारच्या आक्काबाईला गाठलं. आक्काबाईचं माहेर देवळालीचं, नूरुद्दीनच्या बांधाला बांध. आक्काबाई माहेरी गेली, आठवड्यानं आली, आणि पायरीवर बसून आधी तांब्याभर पाणी प्यायली.

"काय म्हनले?" बद्रुन्निसानं विचारलं.

"बाप म्हनतो, पोरगा कामाचा हाय. आई म्हनती, लांब हाय खरा, पन मान वाकवून चालतो."

"अन् पोरगी?"

"पोरगी म्हनती, मानूस चालंल. घर दावा."

रशीद आत कापूस पिंजत होता. धुनकी थांबली.

"घर?" बद्रुन्निसा म्हणाली. "अगं, घराचं काय?"

आक्काबाईनं पदरानं वारा घेतला. पडद्याआडच्या त्या पोरीची, खुर्शीदची, थोरली बहीण सुरय्या जामखेडला दिली होती, पत्र्याच्या घरात. पहिल्या उन्हाळ्यात ती पोटुशी असताना भर दुपारी घेरी येऊन चुलीपाशी पडली. माहेरी आणली तर पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसली ती मृग लागेपर्यंत उठेचना. सासरचं गाडं न्यायला आलं की ही पाण्यात. खुर्शीदनं ते सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, बहिणीच्या कपाळावर ओली फडकी तिनंच ठेवली होती.

"ती म्हनती," आक्काबाई सांगू लागली, "मिरजगावला उसाचा मळा न्हाई, पाट न्हाई. घरात तरी थंडावा पायजे. न्हाईतर मी इथंच बरी. अन् बापानं पोरीचं ऐकलं. वैशाखात भर दुपारी येतो म्हनला. जेवायचं, अन् घरात बसायचं. डोक्यावरची टोपी घामानं भिजली, की उठायचं. सोयरीक मोडली."

"टोपी?" रशीद दारात आला. "अहो आक्का, ते गुऱ्हाळवालं! त्यांना नुसतं बोलताना घाम फुटतो!"

"मग त्यांना बोलू द्यायचं न्हाई," आक्काबाई म्हणाली.

रशीदचं जुनं घर म्हणजे पिठाच्या डब्यात खिडकी पाडावी तसं. ते पाडायचं आणि नवं बांधायचं ठरलं. धाब्याचं घर, जाड भिंती, वर लिंबाचा पाला आणि पांढऱ्या मातीचा थर. आजूबाजूच्या गावांत बापजाद्यांपासून चालत आलेलं. पण धाब्याला सागाच्या तुळया लागतात, आणि तुळया कंट्रोलात. साखर कंट्रोलात, रॉकेल कंट्रोलात, मेलेल्या माणसाचं कापडसुद्धा कंट्रोलात, तिथं साग कसा सुटेल? रशीद नगरला कचेरीत गेला. चकरा मारून मारून त्याच्या वहाणांच्या टाचा गेल्या. शेवटी तुळयांचा परवाना मिळाला आणि परवान्याला टाचून तुमचा नकाशा, साहेब. 'नमुन्याचे घर.' ह्याच नकाशाबरहुकूम बांधले तर तुळया; न बांधले तर तुळया जप्त. छप्पर उताराचे, पत्र्याचे. त्यापुढं मात्र कुणा देवमाणसानं लिहिलं होतं, 'पत्रे शिल्लक नसल्याने तूर्त मातीचे छत चालेल.' कचेरीत पत्रे नव्हते म्हणून रशीदचं डोकं वाचलं. सरकारनं मिरजगावावर उपकार केले ते असे, गोदाम रिकामं ठेवून.

नकाशा अंगणात पसरला. चार कोपऱ्यांवर चार दगड. भोवती रशीद, बद्रुन्निसा आणि भिमाजी गवंडी. भिमाजी तोंडानं आडदांड, हातानं हळुवार, आणि विसरभोळा एवढा, की एकदा आपली चुना थापायची करणी भिंतीत चिणून आठ दिवस हुडकत होता.

बैठकीच्या खोलीच्या पश्चिम भिंतीत नकाशात एक कोनाडा काढला होता. जमिनीलगत, माणूस आत बसेल एवढा. कोनाड्यातून भिंतीच्या पोटातनं वर गेलेली नळी, धाब्याच्याही वर निघालेली, आणि तिच्या डोक्यावर एका बाजूनं उघडी टोपडी. शेजारी मोडीत एक शब्द. रशीद चार यत्ता शिकलेला. तो नाक लावून वाचू लागला.

"आ... पुढं शाई सांडलीय... दान."

"पानदान?" भिमाजी म्हणाला.

"पानदान कसं? आ हाय की पयलं."

"साहेब लोक लई पान खात असतील. आ करून खात्यात."

बद्रुन्निसा तो शब्द ओठांवर घोळवत होती. तिच्या बापानं निजामाच्या मुलखात चाकरी केलेली; घरात दोन-चार भारी शब्द आले होते, ते ती सणासुदीला बाहेर काढायची. तिनं चुटकी वाजवली.

"आबदान! आब म्हंजे पानी. पान्याची जागा. ह्या कोनाड्यात माठ ठेवायचे."

"अन् ही नळी?"

"माठाला वारा लागल्याबिगर पानी गार हुतं का? वरनं वारा, खाली माठ."

मग भिमाजीनं मांडीवर थाप मारली. "आयला! म्हंजे वरनं वारं शिरनार, वल्या माठावर आपटनार, अन् गार हून खोलीत येनार! काय टकुरं हाय साहेबाचं!"

रशीदला रडू आलं. त्यानं नकाशाला हात लावून कपाळाला लावला. "अम्मी, आपन कचेरीला उगाच शिव्या दिल्या."

"दिल्या ना? आता दुवा द्या," ती म्हणाली, आणि तुमच्या सात पिढ्यांना तिनं अंगणात उभं राहून दुवा दिली. साहेब, ऐकून ठेवा. तुमच्या उभ्या नोकरीत तुमच्यासाठी कुणी मनापासून केलेली प्रार्थना असेल, तर ती ही, आणि तीसुद्धा शाई सांडल्यामुळं.

घर चढू लागलं. टोपडीचं तोंड कुठं ठेवायचं ह्यावरून भिमाजी अडला. "पश्चिमेला ठेवलं तर वारं भरपूर. पन पाऊसबी तिकडूनच. नळीतनं पानी आत पडंल."

"कुठं पडंल?" बद्रुन्निसानं विचारलं.

"आबदानात."

"मग? आबदानात पानी न्हाई पडायचं, तर काय पीठ पडायचं?"

भिमाजीनं तोंड पश्चिमेला ठेवलं. रशीद दर संध्याकाळी कोनाड्यात डोकं घालून वर बघायचा आणि "खुर्शीद" असं हळूच म्हणायचा. नळीतून आवाज घुमत वर जायचा. पलीकडं धाब्यावर मिरच्या वाळत घालणारी आक्काबाई वरून ओरडायची, "ऐकू येतंया रं! जरा दमानं घे!" तरी तो थांबायचा नाही. गावात बातमी झाली की पिंजाऱ्याची नवी भिंत पोरीचं नाव घेते. माणसं सहज म्हणून यायची, कोनाड्यात डोकी घालायची, आपापल्या बायकांची नावं घ्यायची. एकानं तर भलतंच नाव घेतलं, त्याच्या घरी अजून शिजत नाही.

नळीत चिमण्या घरटं करू लागल्या म्हणून भिमाजीनं टोपडीत एक गोणपाट कोंबलं. "माठ मांडले की काढतो," म्हणाला.

वैशाख उजाडला. नूरुद्दीन आला तो छकड्यातून, शुभ्र सदरा, डोक्यावर नवी कोरी पांढरी टोपी. माणूस भला, पोट भलं, आणि घाम तर विचारूच नका. आक्काबाईला त्याच्या मागं मागं पाठवलं होतं, बोलू द्यायचं नाही म्हणून. तो काही म्हणायला तोंड उघडी, की ही म्हणे, "दादा, आधी जेवा." त्यानं बोटी-भाकरी खाल्ली, वरनं ताक प्यायला, आणि बैठकीत रशीदनं निकाहासाठी भरलेल्या नव्या गादीवर जाऊन टेकला. कोपऱ्यात रजईसाठी पिंजलेल्या कापसाचा ढीग होता, छातीइतका. कोनाड्यात तीन माठ, भोवती ओली फडकी.

वारा नव्हता.

म्हणजे बाहेर होता. लिंब बाहेर पिसाटासारखा हलत होता. पण आत चिडीचूप. रशीदनं कोनाड्याकडं बघितलं. माठांवरची फडकी निवांत. नूरुद्दीननं गळ्याशी हात नेला. त्याच्या टोपीची कड कानशिलापाशी करडी झाली होती, नखाएवढी.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "घर तपासायचं आहे."

तुमचा तपासनीस, साहेब. काळा कोट घालून, वैशाखात. तो आत आला, त्यानं भिंती मोजल्या, कोनाड्यापाशी वाकला आणि तसाच राहिला.

"हे काय आहे?"

"आबदान," बद्रुन्निसा दाराआडून अभिमानानं म्हणाली.

"कसलं आबदान? आतशदान आहे हे! आतश म्हणजे आग. इथं लाकडं पेटवायची आणि खोली ऊबदार ठेवायची. मूळ इंग्रजी नकाशात आहे. मराठीत शब्द सापडेना, म्हणून आम्ही आतशदान घातलं."

मग आधी आक्काबाईला हसू फुटलं. मग दारापाशी उभ्या भिमाजीला. मग बद्रुन्निसाला, ती भिंतीला धरून खाली बसली. "शब्द कसा सापडंल, रावसाहेब?" आक्काबाई डोळे पुसत म्हणाली. "शब्द सापडायला आदी घरात ती वस्तू लागती!"

"हसू नका. हे माठ काढा. मला धूर वर जातो का ते बघून शेरा मारायचा आहे. गोवऱ्या आणा."

"पिंजाऱ्याच्या घरात जाळ?" रशीद म्हणाला. "रावसाहेब, त्यो कापूस बघा!"

"कापूस नकाशात नाही."

गोवऱ्या आल्या. तपासनिसानं स्वतः माठ बाजूला केले. नूरुद्दीन हे सगळं बघत होता. टोपीची करडी कड आता कपाळापर्यंत आली होती. जाळ झाला की ती भिजणार, तो उठणार, छकडं जुंपणार, आणि खुर्शीद देवळालीला पडद्याआड राहणार ती राहणारच. रशीदनं भिमाजीकडं बघितलं. नजर अशी, की बुडणाऱ्यानं बघावं. भिमाजीनं ती नजर बघितली, मग कोनाडा बघितला, मग माठावरची न हलणारी फडकी बघितली, आणि कपाळावर हात मारून असा पळाला की दारात त्याचा एक जोडा राहिला.

"ह्यांना काय झालं?" तपासनिसानं काडी ओढत विचारलं.

धाब्यावर धपाधप पावलं वाजली. मग वरून, भिंतीच्या पोटातून, घुमलेला आवाज आला, "गोणपाट ऱ्हायलं हुतं!"

आणि वारा आला.

आला म्हणजे काय, मिरजगावच्या माळावर सकाळपासून हुंदडत असलेला सगळा वारा त्या एका नळीतून खोलीत उतरला. चिमण्यांच्या काड्या आल्या. तपासनिसाची काडी विझली. त्यानं दुसरी ओढली, विझली. तिसरी, चौथी. बद्रुन्निसानं ती संधी साधली. माठ सरकवून पुन्हा जागेवर. आता वारं ओल्या फडक्यांना घासून आत आलं, ते गार, मातीचा वास घेऊन, आणि कोपऱ्यातल्या ढिगावर पडलं.

ढीग उठला. अख्खा. खोलीभर कापूस! छताला कापूस, दाराला कापूस, आक्काबाईच्या अंबाड्यात कापूस. तो वर जायचा, गरगरायचा, सावकाश खाली यायचा, पुन्हा उठायचा. रशीद दोन्ही हातांनी पकडायला धावला आणि जास्तच उडाला. नूरुद्दीनची दाढी आधीच पांढरी, ती दुप्पट झाली. तपासनीस मध्ये उभा, हातात पेटीतली शेवटची काडी, काळा कोट खांद्यापासून खालपर्यंत पांढरा.

नूरुद्दीननं प्रथमच तोंड उघडलं. "रावसाहेब, विलायतेत बर्फ पडतो म्हनत्यात, त्यो असाच का?"

"मी पाहिलेला नाही," तपासनीस म्हणाला.

"मग बघून घ्या. बसा इथं."

तपासनीस बसला. बसला, मग कोटाची बटणं सोडली, मग गादीवर टेकला. सकाळपासून तो उन्हातून आला होता. त्यालाही अंग होतंच. त्याच्या चेहऱ्यावरून वारं गेलं तसे त्याचे डोळे मिटले, हातातली काडी गादीवर पडली. शेजारी नूरुद्दीन आडवा झाला. थोड्या वेळानं दोघं घोरू लागले, एक जाड आवाजात, एक बारीक, आणि कापूस त्यांच्या श्वासाबरोबर वरखाली होऊ लागला.

दारात रशीद, भिमाजी, बद्रुन्निसा आणि आक्काबाई श्वास रोखून उभी. टोपीची करडी कड वाळून पुन्हा पांढरी होताना चौघांनी पाहिली. कोणी सूर्योदय एवढ्या भक्तीनं पाहिला नसेल.

ऊन कललं तेव्हा नूरुद्दीन जागा झाला. त्यानं टोपी काढली, आतून बघितली, बाहेरून बघितली, अंग चोरलं आणि म्हणाला, "रशीद, एखादी रजई आन रं. गारठलो."

भिमाजीनं एका जोड्यानिशी अंगणात उडी मारली. आक्काबाईनं बद्रुन्निसाला मिठी मारली, दोघी फिरल्या, माठाला धक्का लागला, एक फुटला, कुणी बघितलंसुद्धा नाही. रशीद रजई आणायला गेला तो रजई डोक्यावर घेऊनच नाचू लागला. त्याच गडबडीत तपासनीस उठला, कोट झटकला, झटकूनही पांढराच राहिला, आणि वाटेला लागला.

निकाह पावसाच्या आत झाला. खुर्शीद आली. पहिल्याच दुपारी तिनं आबदानासमोर बसून गादीचा टाका तपासला आणि वाकडा आहे म्हणून सांगितलं. रशीदनं तो उसवायला घेतला तो आजतागायत घेतोच आहे. सुरय्याही आली, लेकराला घेऊन. लेकरू वाऱ्यात झोपलं ते तिन्हीसांजेला उठलं. ते बघून सुरय्यानं नवऱ्याला तिथूनच निरोप धाडला, 'असं घर बांधा, मग येते.' आता जामखेडला दोन घरांत असा कोनाडा निघाला आहे, मिरजगावात पाच. सगळी त्याला आबदान म्हणतात. तुम्हाला मराठीत शब्द सापडत नव्हता, साहेब, घ्या, सापडला.

आणि मग तुमचा पट्टेवाला आला. दारात उभं राहून त्यानं हुकूम वाचला. तपासणीत आतशदानास धुराचा डाग आढळला नाही. सदर जागेत पाणी आढळले. नकाशाचा भंग झाला. महिन्याच्या आत जाळ करून डाग दाखवावा, नाहीतर नळी पाडून तुळया जप्त करण्यात येतील.

बद्रुन्निसा आतून शिव्या देऊ लागली. पण खुर्शीद पडद्याशी आली. तिच्या मांडीवर सुरय्याचं लेकरू होतं, ते तसंच तिनं उचलून घेतलं होतं.

"बाबा, एक सांगता का? साहेबांनी ही घरं आखली. साहेब दुपारी कुठं असत्यात?"

"कचेरीत," पट्टेवाला म्हणाला. "वाळ्याच्या वल्या ताट्या लावल्यात. पंखा वढायला मानूस हाय."

"अन् आमचे धनी दुपारी कुठं असत्यात?"

"आता मला काय ठावं?"

"गावोगाव, गाद्या भरत. लिंबाखाली बसून. मग दुपारी ह्या घरात कोन असतं?"

पट्टेवाल्यानं लेकराकडं बघितलं, तिच्याकडं बघायचं टाळलं. "तुमीच की. बायामान्सं."

"मग हुकूम वापस न्या, अन् साहेबांना एवढंच इचारा. नकाशा काढताना कुन्या बाईला इचारलं हुतं का?"

पट्टेवाल्यानं प्रश्न नेला. भला माणूस होता, त्यानं तो तुमच्या टेबलापाशी उभं राहून शब्द न् शब्द सांगितला, आणि तुम्ही ऐकून दुसऱ्या कागदावर सही केलीत, हेही त्यानं गावात येऊन सांगितलं. महिना संपत आला आहे. भिमाजी धाब्यावर पहार घेऊन बसला आहे, पाडायला नव्हे, पाडायला येणाऱ्याला बघायला. आत माठ भरलेले आहेत आणि खुर्शीदला आता दिवस गेले आहेत.

तिनं साधं विचारलं आहे, साहेब. विचारलं होतं, का नव्हतं? हो म्हणा, नाही म्हणा, पण तोंडानं म्हणा.